सातव्याचे डोळे

चंद्रमौळी संध्याकाळी सँथोमला गेला होता, ते फक्त एवढंच विचारायला, की कुणाचे डोळे घारे आणि कुणाचे काळे.

करंट गेला होता, पोरं गच्चीवर चटया टाकून पडली होती, आणि राममूर्तीअण्णांनी पानाचा विडा गालात सरकवून असं एकदम मधूनच सुरू केलं. मग म्हणाले, तारीख लक्षात ठेवा. सात फेब्रुवारी, एकोणीसशे एकोणसाठ. शनिवार. तै अमावास्या, म्हणजे तमिळ लोकांची पितरांची अमावास्या. उगीच नंतर म्हणाल, म्हातारा थापा मारतो.

तर चंद्रमौळी. आमचाच, तंजावरकर मराठी. त्याचे आजोबा तंजावरला देवांची चित्रं काढायचे, सोन्याच्या वर्खाची. नातू मद्रासला येऊन मेलेल्यांचे डोळे उघडायचा. हसू नको विद्याधर, तो धंदाच होता. त्या काळी माणूस जिवंतपणी फोटो काढायला जायचा नाही. मेला की घरच्यांना आठवायचं, अरे, फोटो राहिलाच! मग फोटोवाला यायचा, प्रेताला खुर्चीत बसवून फोटो काढायचा, आणि माउंट रोडच्या एका स्टुडिओत चंद्रमौळी बारीक ब्रशनं त्याला डोळे काढून द्यायचा. असे काढायचा की बायका म्हणायच्या, "जन्मभर ह्यांनी कधी इतक्या मायेनं बघितलं नव्हतं!"

सँथोमला फादर अनसेल्मो होता. स्पेन देशातला, सत्तरीचा. तमिळ असं बोलायचा की भाजीवाल्या त्याच्याशी घासाघीस करायच्या नाहीत, भ्यायच्या. त्यानं एक जुना फोटो दिला होता. सात पाद्री, गवतावर ओळीनं निजवलेले, डोळे मिटलेले. सातही गोळ्या घालून मारलेले. स्टुडिओनं फोटो मोठा केला, कापून जोडला, आणि सातांना उभं केलं. राहिले डोळे.

फादर एकेकावर बोट ठेवून सांगत गेला. "हा काळे. हा घारे. हा काळे, पण डावा जरा बारीक."

चंद्रमौळी लिहून घेत होता. सहज म्हणाला, "कुणी मारलं, सामी?"

"आमच्याच लोकांनी. छत्तीस साली. देशात यादवी माजली होती, पाद्री दिसला की गोळी. हे सातही मद्रासला यायचे होते. बोटीची तिकिटं काढून झाली होती. तमिळमध्ये नमस्कार, 'वणक्कम', म्हणायला शिकले होते." फादरनं सातांवरून बोट फिरवलं. "गावाबाहेर नेऊन एकेकाला उभं केलं. आणि एकेकानं बंदूकवाल्याकडे बघून म्हटलं, मी तुला क्षमा करतो. एक गुराखी झुडपात लपला होता. त्यानं ऐकलं. सहा वेळा."

"आणि सातवा?"

"एकोणीस वर्षांचा होता."

"तसं नव्हे सामी. म्हणाला की नाही?"

"रोमचे लोकही हेच विचारतात," फादर म्हणाला. "सातवा म्हणाला नसेल, तर संतांच्या यादीतून त्याचं नाव राहील बाजूला. तेवीस वर्षं मी एक साक्षीदार शोधतोय." मग म्हणाला, "त्याचे डोळे मला नाही आठवत. नेहमी खाली बघायचा. तुला वाटतील तसे काढ. उद्या सकाळी सातला दे. आमचे मोठे फादर विमानानं फोटो घेऊन जाणार आहेत."

एवढं काम. चंद्रमौळी फोटो घेऊन ट्रिप्लिकेनला घरी आला.

घर म्हणजे वरच्या मजल्यावर एक खोली. बायको कृष्णवेणी, आठवा महिना लागलेला. आधीची दोन गेली होती, एक पोटात, एक सहा दिवसांचं होऊन. हे तिसरं नीट व्हावं म्हणून चंद्रमौळीनं विडी सोडली होती, नवस बोलला होता, आणि सासूशीसुद्धा नीट बोलायला लागला होता.

आता एक गोष्ट ऐका. आमच्याकडे मूर्तीचे डोळे शेवटी उघडतात. आणि पहिली नजर माणसावर पडू द्यायची नाही. समोर आरसा धरतात, नारळ ठेवतात, गाय उभी करतात. पहिली नजर कडक असते. चंद्रमौळी आजोबांच्या हाताखाली हे शिकला होता, आणि मेलेल्यांच्या फोटोलाही पाळायचा. फोटोच्या पुढ्यात छोटा आरसा, आपण बाजूला बसून ब्रश चालवायचा. स्टुडिओचा मालक हसायचा. हसेना का!

"आज अमावास्या आहे, अहो," कृष्णवेणी म्हणाली. "सकाळी करा."

"सकाळी सातला द्यायचाय."

"मग आरसा तरी लावा."

"ती ख्रिश्चन माणसं. आपण आरसा लावायचा, नारळ ठेवायचा... त्यांना नाही आवडायचं."

"मेलेल्यांना?"

"मेलेल्यांना तर जास्तच राग येतो."

बघा, माणूस किती सभ्य! दुसऱ्याच्या देवधर्मात आपलं घुसडायला नको म्हणून आरसा ट्रंकेत ठेवला, फोटो भिंतीला टेकवून उभा केला, आणि स्टूल घेऊन बरोब्बर समोर बसला. मागं चटईवर कृष्णवेणी झोपली.

दहा वाजता पहिल्याचे डोळे उघडले. सगळ्यात म्हातारा होता तो. उजव्या डोळ्यात पांढरा ठिपका दिला, की झालं. आणि कानाशी कुणीतरी बोललं. भाषा कसली कोण जाणे. पण कळलं.

मी तुला क्षमा करतो.

चंद्रमौळी घाबरला नाही. त्याला हसू आलं. "कशाबद्दल, सामी?" तो म्हणाला. छत्तीस साली हा तंजावरात, अकरा वर्षांचा, चौथीत दुसऱ्यांदा बसलेला. त्यानं आयुष्यात झुरळ मारलं नव्हतं. कृष्णवेणीच मारायची.

दुसरा. मी तुला क्षमा करतो. उजवा खांदा ठणकला, कुणी आतून दणका दिल्यासारखा.

तिसरा. क्षमा करतो. तोंडात दारूची चव आली. हा तर ताकसुद्धा आंबट पीत नव्हता.

चौथा. आता त्याला चौथ्याचं नाव आठवलं. सांगितलं कुणीच नव्हतं. आठवलं. त्याचा चष्मा आपणच काढून घेतला होता, काचा चांगल्या होत्या म्हणून. हेही आठवलं.

पाचवा.

सहावा.

"थांबायचं ना त्यानं!" विद्याधर म्हणाला.

थांबायचं. बरोबर. पण बाळा, क्षमेचं एक वाईट असतं. केलंच नाहीस, तर मिळते कशी? आणि मिळाली, तर केलं असणार. सहा मेलेली माणसं शांतपणे, न ओरडता, सांगताहेत की तुला माफ केलं. वाद कुणाशी घालणार? अडीच वाजता चंद्रमौळीला सगळं आठवत होतं. थंडी. गवतावरचं दव. आणि सातवा.

सातवा रडत होता. ह्यानंच त्याला म्हटलं होतं, जा, पोरा. सोडलं तुला. पळ.

पोरगं पळालं.

वीस पावलं जाऊ दिलं.

मग...

अण्णांनी विडा थुंकला. 

आता चंद्रमौळीला सातवी क्षमा हवी होती. भीक मागतात तशी हवी होती. त्यानं ब्रश ओला केला. डावा डोळा. काही नाही. उजवा डोळा. काही नाही. पांढरा ठिपका दिला. सातवा बघत होता. सरळ. ह्याच्याकडे.

"बोल की रे," चंद्रमौळी म्हणाला.

...

"सहाजण बोलले. तू पण बोल."

...

आणि मग ते पोरगं बोललं. एकच शब्द.

पळ.

चंद्रमौळी स्टुलावर चिकटून बसला. पळ म्हणजे काय, ते जगात त्याच्या इतकं कुणाला ठाऊक होतं? पाठ फिरवायची नाही. बस्. उजाडेपर्यंत असंच बसायचं. समोर बघत.

तेवढ्यात मागून...

"अहो."

तो हलला नाही.

"अहो... पोटात... इकडं बघा ना."

त्यानं बघितलं नाही.

"पाणी गेलं हो. धनलक्ष्मीला बोलवा. अहो! मेलात काय?"

"झाकायचा ना फोटो!" विद्याधर ओरडला. "उलटा करायचा!"

तूच हात लावून बघ, म्हणजे कळेल. त्यानं धोतराचा सोगा उचलला होता झाकायला. पण झाकल्यावर तो बघतोय की नाही, हे कसं कळणार? उघडा आहे तोवर निदान दिसतंय तरी.

मग चंद्रमौळीनं जे केलं ते ट्रिप्लिकेननं आधी कधी पाहिलं नव्हतं. तो उठला आणि फोटोकडे तोंड करून उलटा चालायला लागला. उलटाच कृष्णवेणीला ओलांडून गेला. उलटाच जिना उतरला, मधे दोनदा पडला. उलटाच रस्त्यावर. खिडकी दिसेनाशी झाली, तरी उलटा. दोन गल्ल्या. कोपऱ्यावरच्या गुरख्यानं काठी आपटून विचारलं, "काय सार, घरी चाललात की घरून?" हा घराच्या दिशेला टक लावून मागं मागं सरकत राहिला.

नर्स धनलक्ष्मीनं दार उघडलं तर दारात माणसाची पाठ.

"कोण रे?"

"मी, चंद्रमौळी. कृष्णवेणीला कळा येताहेत. अम्मा, लवकर."

"इकडं बघून बोल की!"

"नाही बघता येत."

येताना मात्र सरळ चालला, घर समोर होतं ना. वाटेत त्यानं धनलक्ष्मीला पहिल्यापासून सगळं सांगितलं. ती पन्नास वर्षांची, हजार बाळंतपणं केलेली. तिला वाटलं, बायको अडली की बापाचं डोकं असंच फिरतं. हे सगळं मला तिनंच सांगितलं. ती खोटं बोलणारी बाई नाही, तेवढी कल्पनाच नाही तिच्याकडे.

खोलीत शिरल्यावर तो सरळ स्टुलावर जाऊन बसला. फोटोकडे तोंड. मागं बाळंतपण चाललेलं. कृष्णवेणी ओरडत होती, शिव्या देत होती, त्याच्या आईचा उद्धार करत होती. तो हात जोडून समोर बघत होता आणि पुटपुटत होता. "मूल होऊ दे. एवढं होऊ दे. मग काय ते कर."

पाच वाजून दहा मिनिटं.

बाळ रडलं. खणखणीत.

मुलगी. पुरी पाच पौंडांची. बघा, आठव्या महिन्याची, आणि दोन्ही हात आपटत होती.

"सार!" धनलक्ष्मी म्हणाली. "तुझ्यासारखंच नाक रे! बघ तरी!"

आणि तो वळला.

कुणीही वळेल. तू वळशील, मी वळेन.

तोंडभर हसत वळला. दोन्ही हात पुढं. उठला. एक पाऊल.

...

आवाज नाही झाला. धनलक्ष्मी शपथेवर सांगते, काही आवाज नाही. तो फक्त पुढं झुकला आणि पडला. चटईच्या कडेशी, तोंडावर. हात लेकीपासून वीतभर लांब. शिवायला मिळालं नाही. सदऱ्याला भोक नाही. अंगावर ओरखडा नाही.

बाळसुद्धा गप्प.

मग कृष्णवेणीनं ऐकलं. फोटोच्या बाजूनं. कोवळा आवाज, नुकता फुटलेला. तिला त्यातलं अक्षर कळलं नाही. तिच्यावर नव्हतीच ती नजर.

सात वाजून गेले तसा फादर आला, फोटो मिळाला नाही म्हणून. प्रेताशी गुडघे टेकून त्यानं प्रार्थना केली. खरंच रडला, माणूस वाईट नव्हता. कृष्णवेणी भिंतीला टेकून बसली होती. तिनं विचारलं, "सामी, हे काय असतं?" आणि कानात पडले होते तसेच्या तसे आवाज तोंडानं काढून दाखवले.

फादर पांढराफटक पडला.

"कुणी म्हटलं हे?"

तिनं सातव्याकडे बोट दाखवलं.

"कधी?"

"हे पडल्यावर."

फादरनं डोळे पुसले. मग खिशातून पेन काढलं. "अम्मा," तो म्हणाला, "एकदा सावकाश म्हणशील?"

तिनं म्हटलं. त्यानं लिहून घेतलं. तारीख घातली, वेळ घातली, तिचा अंगठा घेतला. प्रेत अजून उचललं नव्हतं. "सात झाले," तो म्हणाला. फोटो काखेत मारला आणि गेला. विमान गाठायचं होतं.

"आणि अण्णा, तो अटॅकनं गेला असेल," विद्याधर म्हणाला. आवाज मात्र बारीक. "रात्रभर जागरण, टेन्शन..."

डॉक्टरनंही तेच लिहिलं. मीही तेच धरून चाललो होतो. तेराव्यानंतर कृष्णवेणीनं मला बोलावलं, खोली सोडायची होती, सामान हलवायला. चटई उचलली. कृष्णवेणी त्या सकाळी जिथं टेकून बसली होती, तिथं तिच्या डोक्याच्या वर भिंतीत एक भोक. उभ्या माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर. करंगळी जाईल एवढं, गोल.

घरमालक चिडला, म्हणाला भरून द्या. गवंडी आणला. म्हातारा होता, ते घर त्यानंच बांधलं होतं, बावन्न साली. त्यानं बोट घालून बघितलं. आत शेवाळ. वाळलेल्या गवताची मुळं. खोल मुंग्यांचं वारूळ, तेही कधीच ओस पडलेलं. त्यानं बोट बाहेर काढलं, धोतराला पुसलं, आणि माझ्याकडे बघत राहिला.

"सार," तो म्हणाला, "हे भोक ह्या भिंतीपेक्षा जुनं आहे."