बांबू पुरला नाही तिथं

बसा, चहा येतोच. अड्याळच्या बाजारात माझं मासेमारीच्या जाळ्यांचं दुकान. शाळा चौथीपर्यंत, बाकी सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं. देव मात्र कोणाला शिकवता आला नाही. हाताला लागेल तेच खरं, असा माझा खाक्या.

मागच्या पौषात गोसीखुर्द धरणाच्या पाण्याकाठी एका वस्तीत जाळी पोचवायला गेलो होतो. मुक्काम बुधरामकडे. सकाळी निघणार, तोच त्याच्या लेकीला, शकुनला, कळा सुरू झाल्या. रस्ता पाण्याखाली, अ‍ॅम्ब्युलन्स पलीकडच्या काठापर्यंतच येणार होती. धुकं असं, की हात लांब केला तर बोटं दिसेनात. तरी डोंगा काढला. बुधराम वल्ह्यावर, मी शकुनजवळ.

मध्यावर आल्यावर बुधरामनं पाण्याला हात जोडले.

"खाली आमचं जुनं गाव हाये, शेठ. देऊळ बी."

"अरे, देव तर तुम्ही ट्रॅक्टरवर बसवून नव्या वस्तीत नेला. मग खाली कोणाले नमस्कार करून राहिला?"

"मूर्ती नेली. देव संगं आला का खालीच रायला, कोण पाहून आलं?"

"बाबा, भांडण मंग करा..." शकुन कण्हली. "हात चालवा."

तेवढ्यात बुडालेल्या झाडाच्या फांदीत वल्हं अडकलं आणि काडकन मोडलं.

राहिला डोंगा ढकलायचा लांब बांबू. बुधरामनं तो कोपर भिजेपर्यंत खाली सोडला. तळ लागेना. डोंगा जागच्या जागी गोल फिरू लागला. काठ कोणत्या बाजूला, कळेना. हाक मारली, तर आवाज कापसात पडल्यासारखा विरला. पाण्यातून वास येऊ लागला... नुकत्याच सारवलेल्या अंगणाचा. शकुनचं कण्हणं थांबलं होतं. तिचा हात माझ्या हातात गार पडत चालला होता.

"शेठ..." बुधराम कुजबुजला. "बांबू कोणंतरी धरला."

"फांदीत अडकला असेल."

"अडकला तं थांबन ना... हा तं चालून राहिला..."

मी बांबूला हात लावला. माशाचा झटका मी ओळखतो, प्रवाहाची ओढ ओळखतो. हे वेगळंच होतं. आंधळ्याची काठी धरून त्याला कोणी रस्ता पार करून द्यावा, तशी हलकी, सांभाळून धरलेली पकड. डोंगा सरळ चालू लागला. अंगावर काटा होता, पण बांबू सोडवत नव्हता.

धुक्यात गाडीचा दिवा लुकलुकला. आम्ही शकुनला उचलून नेलं. गाडी सुटण्याआधीच आतून बाळाचं रडणं आलं. बुधराम मातीत मटकन बसला. हसत होता की रडत, त्यालाच ठाऊक.

मी अजूनही देवळाची पायरी चढत नाही. पण 'देव नाही' असं ठासून म्हणणं सोडलं. जाळी विकणारा माणूस मी. जाळ्याच्या भोकांतून किती निसटतं, ते माझ्याहून कोणाला ठाऊक?

एक मात्र बुधरामनं आणि मी फार जणांना सांगितलं नाही. आम्ही उतरलो, तेव्हा बांबू पाण्यातच सोडला होता. तो आडवा पडला नाही. उभाच राहिला, सावकाश वळला, आणि उभ्यानंच धुक्यात परत निघाला. बुडालेल्या गावाच्या बाजूनं कोणीतरी हाका मारत होतं... बाईचा आवाज, घाबरलेला. बांबू आवाजाच्या दिशेनं गेला, आणि थोड्या वेळानं हाका थांबल्या.

नंतर काठावरच्या प्रत्येक वस्तीत विचारलं. त्या सकाळी आमच्याशिवाय कोणीच पाण्यात डोंगा घातला नव्हता.