लेण्यातले फ्रेंच मास्तर

"ल बुद्दा ए स्युर ला ग्रोत," विशाखानं लेण्यातल्या काळोखाला ऐकवलं.

"स्युर म्हणजे वर. बुद्ध गुहेवर नाहीत… गुहेत आहेत. दाँ म्हणा."

उत्तर आतून आलं. थकलेला, मऊ आवाज.

विशाखाच्या हातातली वही पडली. मुकुंदवाडीची ही मुलगी वेरूळला गाईड व्हायचं म्हणून फ्रेंच शिकत होती. सगळं जमायचं; पण वर, आत, खाली, मागं सांगणारे ते एवढेएवढेसे शब्द हमखास दगा द्यायचे. सोमवारी तोंडी परीक्षा होती. म्हणून ती विद्यापीठामागच्या लेण्यांत एकटीच सरावाला आली होती.

"कोण आहे आत?"

"आत कुणी नसतं, मॅडम." हा आवाज मागून आला. पायरीवर एक तरुण उभा होता, हातात मोजपट्टी, भुवयांवर दगडाची धूळ. "मी इंद्रजीत. भिंतींच्या भेगा मोजायला येतो." मग हळूच म्हणाला, "तुम्हाला पण ऐकू आलं… व्हय ना?"

"तुम्हीच बोललात. मस्करी पुरे!"

"मला कुठलं फ्रेंच येतंय? महिना झाला ऐकतोय. सांगितलं तर लोक हसतात. मला वाटलं, डोकं फिरलं आपलं. उद्या काम सोडणार होतो." त्याचे डोळे भरून आले, आणि तो ओशाळून हसला.

त्या हसण्याची मात्र विशाखाला भीती वाटली नाही.

दोघं मोबाईलच्या उजेडात आत गेली. गुडघे टेकलेले दगडी उपासक, समोर बुद्ध. बाकी कुणी नाही. फक्त खडूचा ताजा वास…

पहारेकरी कडुबा हे ऐकून हसले नाहीत. "फ्रेंचचे मास्तर असतील. इथंच बसून लई गाईड घडवले त्यांनी. दिवाळीत वारले."

तरी ती शनिवारी आली. रविवारीही.

"भीती वाटते, तर येता कशाला?" इंद्रजीतनं विचारलं.

"आणि तुम्ही? रविवारी?"

"भेगांना सुट्टी नसते."

"खोटं."

"व्हय…" तो लाजला. "खोटं."

त्या दुपारी तिचं एकही वाक्य चुकलं नाही. मग आतून आवाज आला, "झालं, पोरी." दोघांच्या मधून गार झुळूक गेली. पायऱ्यांवर चपला वाजल्या, एकेक करत खाली… पायऱ्या रिकाम्या होत्या. इंद्रजीतनं तिचा हात घट्ट धरला होता. तिनंही सोडवला नाही.

सोमवारी ती पास झाली. पेढे घेऊन लेण्यावर गेली, आत हाका मारल्या. नुसता गार दगड. तिला रडूच आलं.

"आता वेरूळ," इंद्रजीत खाली बघत म्हणाला. "इकडं कशाला याल तुम्ही?"

तिनं डोळे पुसले. "शे म्वा म्हणजे काय, ठाऊक आहे?"

"नाय."

"माझ्या घरी. रविवारी या. आईला सांगून ठेवलंय."

"काय… सांगितलं?"

"की माझ्यासोबत घाबरणारा एक माणूस… मला आवडलाय."