डी ड्राइव्हमधला आवाज

ज्यांना हे खोटं वाटेल त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. मी कुणाची समजूत घालायला बसलेलो नाही. माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात, महाडला, २००४ सालच्या पितृपक्षातल्या एका शनिवारी हे घडलं. आणि रात्री-बित्री नाही, भर दुपारी.

मावशीचं नाव वैदेही. शाळेत गणित शिकवायची. तिचे यजमान श्रीधरकाका, तेही मास्तर. काकांना घशाचा कॅन्सर झाला. स्वरयंत्र काढावं लागेल, आवाज कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं.

काका खट्याळ माणूस. ऑपरेशनच्या आधी त्यांनी घरच्या कॉम्प्युटरला माइक जोडला आणि रोज लागणारी वाक्यं स्वतःच्या आवाजात भरून ठेवली. "वैदेही, चहा टाक." "आमटीत मीठ कमी आहे." "मी रागावलो नाहीये." आवाज गेल्यावर माउसनं एकेक वाक्य दाबून ते मावशीशी गप्पा मारायचे.

पुढे वर्षाच्या आत काका गेले. वाक्यं कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हमध्ये राहिली.

शाळेतून आली की मावशी त्यातलं एखादं लावायची. चहाचं लावलं तर खरंच दोन कप टाकायची. नवऱ्याचं म्हणून तिच्याकडे एवढंच उरलं होतं.

आणि तिच्या दिरानं ते पुसलं.

आमोदकाका पोलादपूरला कॉम्प्युटर क्लास चालवायचे. एका मासिकाबरोबर विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सची सीडी आली होती. ते शिकून नवी बॅच काढायची घाई. पण क्लासच्या मशीनवर प्रयोग करायची छाती नव्हती. वहिनीचा कॉम्प्युटर होता की! दुसऱ्याच्या वस्तूला हात लावताना यांना कसली भीती? शनिवारी तिची सकाळची शाळा, आणि यांच्याकडे घराची जादा किल्ली.

तेव्हा क्लासवाले पोरांना एकच मंत्र द्यायचे. सी ड्राइव्ह सांभाळा, डी म्हणजे अडगळ. आमोदकाकांनी अडगळ पुसून टाकली आणि त्या जागेवर लिनक्स बसवलं.

मावशी घरी आली तर स्वारी ऐटीत बसलेली.

"वहिनी, बघा! चालू करताना आता विचारतो, विंडोज की लिनक्स. एका डिस्कवर दोघं सुखानं नांदतात. फक्त लिनक्सला तुमचं साउंड कार्ड ओळखता येत नाही. त्यात आवाज येणार नाही, बाकी सगळं फस्क्लास."

मावशीनं विंडोज उघडलं. डी ड्राइव्ह नव्हता.

"भाऊजी, यातले आवाज कुठे आहेत?"

"कसले आवाज?"

"यांचे."

आमोदकाकांचा चेहरा खर्रकन उतरला. "मला काय माहीत, वहिनी... सीला मी बोटही लावलं नाही हो!"

"मला विचारायला तोंड नव्हतं तुम्हाला? चोरासारखं दार उघडून घरात शिरलात! तुमच्या भावाचा गळा डॉक्टरांनी एकदा कापला. तुम्ही दुसऱ्यांदा कापलात!"

मावशीचा आवाज गल्लीभर गेला. ताक घेऊन आलेली चंद्राबाई दारातच थबकली.

"परत आणा ते. आणल्याशिवाय इथून उठायचं नाही."

आमोदकाकांनी मशीन बंद करून चालू केलं. पडद्यावर दोन नावं आली. त्यांनी कशालाही हात लावला नाही... तरी लिनक्स उघडलं.

स्पीकरमधून कुणीतरी घसा खाकरला.

मग काही नाही. बाहेर रिक्षांचा गोंगाट चालू होता, तोही ऐकू येईना.

मग...

"वैदेही."

मावशीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तोच आवाज. ऑपरेशनच्या आधीचा, भरदार.

"गो बाय," दारातून चंद्राबाई म्हणाली, "मास्तर गेलं ना? मंग आत कोन बोलतंय?"

आमोदकाका खुर्ची सरकवून उठायला लागले.

"आमोद... उठू नकोस."

हे वाक्य श्रीधरकाकांनी कधी भरलंच नव्हतं. मावशीला सगळी वाक्यं पाठ होती.

आमोदकाकांनी भिंतीतला प्लग उपटला. पडदा काळा झाला. मशीनची घरघर थांबली.

"आमोद... मी रागावलोय."

मावशीनं स्पीकरकडे पाहिलं. आवाज तिथून आला नव्हता.

आमोदकाकांचे ओठ हलत होते.

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. आवाज बोटांच्या फटींतून येतच राहिला. चंद्राबाई ताकाची लोटी तिथेच टाकून पळाली. ती पुन्हा त्या गल्लीत फिरकली नाही.

पुढे मुंबईचे डॉक्टर झाले, उतारे झाले, नारळ झाले. घसा ठणठणीत आहे म्हणतात. पण आमोदकाकांचा स्वतःचा आवाज त्या दिवसापासून कुणी ऐकलेला नाही. बोलतात, ते श्रीधरकाकांच्या आवाजात. क्लास बंद पडला. मावशी त्यांना दर शनिवारी महाडला बोलावते. समोर बसवते आणि बोलायला लावते.

त्यांची बायको अनुपमा येऊन पाया पडली. "ताई, सोडा हो यांना."

"मी कुठे धरलंय?" मावशी म्हणाली. "माझा नवरा बोलतोय, मी ऐकतेय. मला न विचारता पुसलंत तेव्हा कुठे गेली होती ही दया?"

मावशीचं चुकलं असं म्हणायची माझी हिंमत नाही. खरं सांगायचं तर मलाही आमोदकाकांचा संताप येतो.

पण गेल्या महिन्यात पोलादपूरहून मला फोन आला.

"मावशीला सांग," काकांचा आवाज म्हणाला. थकलेला, रडवेला. "आता पुरे. मला सोड म्हणावं."

मी मावशीला फोन करून जसंच्या तसं सांगितलं.

"कोण म्हणालं असं?" तिनं विचारलं. "आमोद... की हे?"

"कळलं नाही," मी म्हणालो. आवाज तर एकच आहे.

"मग मला नाही पुरे झालं," ती म्हणाली आणि फोन आपटला.

काल पोलादपूरहून पुन्हा फोन आला. मी उचलला नाही.