तोऱ्यावर जगलेली फुलं

थोरलीचं लग्न झालं, ते वर्ष टंचाईचं. नळाला तिसऱ्या दिवशी पाणी, आणि बागेला घालताना कुणी दिसला तर त्याचा नळच तोडायचा, असा हुकूम. गल्लीतल्या बागा करपून गेल्या. धाकटीच्या अंगणात मात्र पिवळी रानफुलं उसळली होती. माळावरून मूठभर बी आणून तिनंच पेरलेली.

एका सकाळी ती दारात सदऱ्याला काजं करत बसली होती. फाटकाशी चावीवाला येऊन उभा राहिला. गल्लीचं पाणी सोडायचं काम त्याच्याकडे.

"पाणी चोरता वाटतं?"

"मातीत बोट घालून बघा की."

त्यानं घातलं. ठणठणीत कोरडी! वर पाहिलं, तर ती गालात हसत होती…

"मग ही जगतात कशावर?"

"माझ्या तोऱ्यावर."

पुढं तो दर पाण्याच्या दिवशी फाटकाशी थांबू लागला.

"आज काय तपासायचं?"

"तेच… तोरा."

मग ती दहा दिवस थोरलीकडे गेली. परत येऊन पाहते, तर फुलझाडं आडवी झालेली, मुळं कुजलेली, माती चिखल. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "तरीच म्हटलं, बाई, बिनपाण्याची कशी फुलतात!"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं ते पडू दिलं नाही.

चावीवाला मान खाली घालून आला. "मी घातलं. माझ्या घरच्या वाट्याचं, दोन-दोन बादल्या. तुम्ही नाही, तर सुकतील असं वाटलं…"

"झाडं पुन्हा येतील हो. माझा शब्द गेला, त्याचं काय?"

दुसऱ्या दिवशी नळावर सगळी गल्ली रांगेत उभी असताना तो मोठ्यानं म्हणाला, "हिनं थेंब घातला नव्हता, म्हणून ती बाग जगली. मी पाणी घातलं, म्हणून मेली. माझा नळ तोडा, नाहीतर नोकरी घ्या!"

ती घागर तिथंच ठेवून घरात गेली आणि रुमालात बांधलेलं बी घेऊन आली.

"हे पेरा. आभाळ देईल तेव्हा उगवेल. तोवर हात मागे बांधून उभं राहायचं."

"किती दिवस?"

"जन्मभर… जमेल?"

"तू शेजारी उभी राहिलीस, तर जमेल."

त्याचा नळ वर्षभरासाठी तोडला, नोकरी राहिली. तिच्या दारच्या पाण्यावरच दोघांचा संसार सुरू झाला. त्या बागेला पुन्हा कुणी थेंब घातला नाही, आणि ती फुलायची एकदाही चुकली नाही.

गेल्या मे महिन्यात, मंगळवारी सकाळी, पाणी सोडायच्या वेळेला चावीवाला वारला. तेव्हा अंगण पिवळं होतं.