करडी बाजू

कॉरिनच्या पत्राला नेल्सने उत्तर दिलंच नव्हतं. सरोवर गोठलेलं असताना ते आलं होतं. आता बर्फ फुटायला लागला, तरी ते त्याच्या कोटाच्या आतल्या खिशातच होतं. सरोवराकाठच्या दुलूथ शहराचे चढ चढताना ते छातीला टोचायचं.

ती भेटली होती चुकूनच. बेकरीचा समजून ती भलताच जिना चढून आली — केसांवर बर्फ, नाक लालबुंद.

"दालचिनीचे रोल इथेच ना?"

"इथे फक्त योग मिळतो," नेल्स म्हणाला.

"गरम असतो का?"

"खोली तरी गरम आहे."

"मग चालेल." तिने बूट काढले.

दगडांची पद्धत त्यानेच तिला सांगितली. सरोवराकाठचे चपटे दगड, एका बाजूला निळा रंग दिलेले. "चटईच्या टोकाशी ठेवायचा. निळी बाजू वर असेल, तर आसन सुधारायला मी हात लावलेला चालेल. करडी असेल तर मी लांबूनच सांगणार. कारण विचारणार नाही."

"आणि मध्येच मन बदललं तर?"

"उलटवायचा. दगड तुमचा."

"बरं झालं. माझं फार बदलतं..." ती हसली, आणि निळी बाजू वर ठेवली.

हिवाळाभर निळीच बाजू वर राहिली. 'तुम्ही'चं 'तू' झालं. बालासनात पाठीवर त्याचा तळवा टेकला की ती पुटपुटायची, "आली शेगडी!" वर्ग संपल्यावर दोघं खाली बेकरीत उगाच रेंगाळायची. तळवा टेकायच्या त्या क्षणाची आपण आठवडाभर वाट बघतो, हे नेल्सने स्वतःशीही कबूल केलं नव्हतं.

मग तो रविवार आला. तिच्या दगडाची करडी बाजू वर होती. नेल्सने ती पाहिली. विसरली असेल, तो मनाशी म्हणाला. ही कधी करडी ठेवते का? त्याने बोटाने दगड अलगद उलटवला... आणि तळवा टेकवला.

तिची पाठ लाकडासारखी ताठ झाली. शेगडीचं नाव कुणी काढलं नाही. ती उठली आणि चटई तशीच टाकून, बूट हातात घेऊन जिना उतरून गेली.

पत्र छोटंसं होतं. 'तुझा हात मला शिक्षकाचा वाटेनासा झाला होता, म्हणून त्या दिवशी करडी बाजू ठेवली. नंतर तुला जेवायला बोलावणार होते. विचारलं असतंस तर सांगितलं असतं. तू माझा दगडच उलटवलास. का?'

त्यानंतर नेल्सने कुणालाच हात लावला नाही. मनगट दुखतंय म्हणायचा. वर्गाची मालकीण डोडी एके दिवशी म्हणालीच, "काय रे, फावड्याने बर्फ उपसताना बरं नाही दुखत हे मनगट?"

तेव्हा मान खाली घालून त्याने सगळं सांगितलं.

"यापुढे काही दिवस वर्ग मी घेईन," डोडी म्हणाली.

"हो."

"लाज वाटते ना? वाटू दे. पण तुझ्या लाजेचं त्या पोरीने काय लोणचं घालायचं? तिने प्रश्न विचारलाय, नेल्स."

त्याने लिहायला घेतलं. 'मला वाटलं, तू विसरलीस' — हे त्याने खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. अखेर उरलं ते एवढंच:

'करडी बाजू मला दिसली होती. मला हात ठेवायचा होता, म्हणून तू विसरलीस असं मी ठरवून टाकलं. डोडीला सांगितलं आहे. उशिराबद्दलही माफ कर. तू मला आवडतेस, पण ती सबब नाही. तुझा दगड परत पाठवतोय. उत्तर दिलंच पाहिजेस असं नाही.'

टपाल कचेरीतल्या बाईंनी पाकीट तोलून पाहिलं. "काय आहे हो यात?"

"दगड."

"बाकीचे लोक फुलं पाठवतात!"

नेल्स कानापर्यंत लाल झाला. "तिचाच आहे... माझ्याकडे राहिला होता."

"बरं बरं. 'ही बाजू वर' असा शिक्का मारू का?"

"नको," तो घाईने म्हणाला. मग हळूच — "ते तिचं ती ठरवेल."

बाईंनी तिकिटं चिकटवली आणि पाकीट मागच्या पिशवीत टाकलं. आत दगड खडखडला.