जांभळ्या मक्याची चोरी

वर्ध्यातल्या कचेरीत चंद्रभान ठोंबरे यांनी मक्याचा एक धांडा टेबलावर ठेवला. हिरवागार होता.

"माया वावरात असा धांडा नाई निघत," ते म्हणाले. "बियाणं बदललं. माया सुनंनं."

खासगी तपासनीस वर्षाली ढोलेने धांडा मोडून आत पाहिलं. तिचे सहकारी किसनराव, निवृत्त हवालदार, वहीत नोंद घेत होते.

रोहण्याच्या ठोंबऱ्यांचा मका तीन पिढ्या धांड्यापासून पानापर्यंत जांभळा. दाणा मात्र पिवळाच. आर्वीच्या बाजारात लोक त्याचे भुट्टे नाव घेऊन मागत. यंदा दहा गुंठ्यांत एकही जांभळं झाड नव्हतं. बियाण्याच्या पेटीची किल्ली सून रंजिताकडे, आणि तिचा भाऊ अंकित कारंज्यात बियाण्याचं दुकान चालवतो. चंद्रभानना तेवढं पुरलं. त्यांनी तिला माहेरी पाठवून पंधरा दिवस झाले होते. मुलगा नयन, रंजिताचा नवरा, मधे पडला नव्हता.

बियाणं कोणी निवडलं, असं वर्षालीने विचारलं. मीच, ते म्हणाले. गेल्या वर्षी कापणीनंतर ढिगातून सगळ्यात मोठी दहा कणसं काढली.

किसनरावांनी अंकितचं दुकान पालथं घातलं. सगळ्या थैल्या कंपनीच्या, सीलबंद. आतल्या खोलीत रंजिता बसली होती. ती रडली नाही, हे किसनरावांना खटकलं.

"मागल्या साली विहिरीकडच्या ओळीत वीसेक झाडं फिकी, हिरवीच निघाली," ती म्हणाली. "पाणी लागून जोमदार झाली होती. मी उपटाले गेली तर मामाजींनी हात धरला. म्हणे, सासू दवाखान्यात अन् तू उभं पीक उपटून राह्यली?"

रोहण्याला रंजिताची सासू यशोदाबाई खाटेवर होत्या. मागच्या वर्षीच्या पावसाळ्यात अर्धांगवायूने त्या दीड महिना सेवाग्रामच्या दवाखान्यात होत्या. वर्षालीने विचारल्यावर त्यांनी अडखळत सांगितलं, की दरसाल काही झाडं फिकी निघतात आणि फुलोऱ्याआधी त्या ती उपटून टाकतात. त्यांना ते त्यांच्या सासूबाईंनी शिकवलं होतं. नवऱ्याला कधी सांगितलं नाही. त्यांनी कधी विचारलं नाही.

त्यांच्या फडताळात दोन वर्षांपूर्वीचं एक कणीस होतं. वर्षालीने त्यातले दाणे आणि यंदाचं पान तपासायला पाठवलं.

आठवड्याने ठोंबऱ्यांच्या ओसरीवर सगळे जमले. वर्षालीने अहवाल पुढे केला. जुना दाणा आणि नवं झाड एकाच वाणाचे होते. जांभळ्या रंगाचा जनुक दोन्हींत अक्षरन् अक्षर सारखा.

"म्हणजे बियाणं बदललंच नाही," किसनराव म्हणाले. "मग रंग चोरला कोणी?"

"कोणीच नाही," वर्षाली म्हणाली. "जनुक जागेवर आहे, फक्त मुका झालाय. पोथी तीच, पण ते पान चिकटून बंद झालंय. जांभळ्या मक्यात असं अधूनमधून आपोआप होतं. आणि मुका जनुक नुसता मुका राहत नाही. शेजारच्या जांभळ्या झाडाचे पराग त्या कणसावर पडले, की बीजात आलेल्या चांगल्या जनुकालाही तो मुका करतो. साधा संकर असता तर यंदा झाडं जांभळी निघाली असती. इथे सगळीच हिरवी. मूकपणाच वारशाने आला."

"पण फिकी झाडं वीसच होती," किसनराव म्हणाले.

"सगळ्यात जोमदार तीच होती. सगळ्यात मोठी कणसं कोणाची असणार?"

यशोदाबाईंनी इतकी वर्षं जे राखलं, ते सून राखायला गेली होती. तिचा हात चंद्रभाननी धरला होता. बियाणंही त्यांनीच निवडलं होतं.

"मीच," ते म्हणाले.

जुन्या कणसावर दीडशे दाणे उरले आहेत, उगवले तर वाण परत उभा राहील, असं वर्षालीने सांगितलं.

दुपारी ते नयनला घेऊन कारंज्याला गेले. उंबऱ्याबाहेर उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं, अहवालही दाखवला. रंजिताने तो वाचला, घडी घालून परत दिला.

"हे मी तुमाले घरून निंगतानाच सांगतलं होतं, मामाजी. तवा काऊन नाई ऐकलं?"

प्रश्न सासऱ्यांना होता, पण ती नयनकडे पाहत होती. तिने त्यांना पाणी दिलं. सासरी परतायची पिशवी भरायला मात्र ती आत गेली नाही.