बेचाळीस सकाळी

पाषाणच्या प्रयोगशाळेत डॉ. इरावती खांडेपारकरांनी घरच्या कॅमेऱ्याची स्मृतिपट्टी टेबलावर ठेवली, त्याला दोन तास झाले होते. त्यांचे यजमान दत्तप्रसाद जाऊन आठ महिने लोटले होते. फोटोला उभं राहायचं म्हटलं की दत्तप्रसादांच्या अंगावर काटा यायचा. त्यामुळे ते हलताना-चालताना दिसतील असं घरात काहीच उरलं नव्हतं. पण फाटकावर अकरा वर्षं कॅमेरा होता.

"सापडलं काही?" त्यांनी विचारलं.

मुबारक अत्तार वीस वर्षं त्यांच्याबरोबर काम करत होता. त्याने मान हलवली. "अकरा वर्षांत चित्रणाचे चारच तुकडे, मॅडम. एकात कुरियरवाला, एकात कुणाची तरी म्हैस. सर कुठेच नाहीत."

दोष कुणाचा, हे बाईंना ठाऊक होतं. जुने कॅमेरे सगळं टिपत आणि आठवड्याने त्याच टेपवर पुन्हा टिपत. मग हालचाल दिसताच जागे होणारे कॅमेरे आले. मांजर गेलं तरी मोबाइल कोकलायचा. त्यावर उपाय म्हणून 'सवयगाळणी' बाईंनीच शोधली होती. कॅमेरा रोजचं पाहून एक अपेक्षाचित्र बनवतो, समोरचं दृश्य त्याच्याशी ताडतो आणि फक्त फरक साठवतो. चोर म्हणजे फरक. रोज सकाळी आठला फाटकाशी येणारे दत्तप्रसाद म्हणजे फरक नव्हे.

"अपेक्षाचित्रातून त्यांना परत मिळवता येईल?" बाईंनी विचारलं.

"ते रोज बदलत जातं. आता त्यात रिकामं फाटक आहे." मुबारक घुटमळला. "सर गेल्यानंतरचे मात्र बेचाळीस तुकडे आहेत. रोज सकाळी आठचे. पण त्यात नुसता काळपट डाग दिसतो. बिघाड समजून मी बाजूला ठेवले."

बाई ताडकन उठल्या. "अरे, बिघाड कसला! कॅमेरा त्यांची वाट बघत होता आणि ते आले नाहीत. न येणं हाच फरक! तो डाग म्हणजे तेच, वजा होऊन उमटलेले. चित्र उलटं कर."

मुबारकने पहिला तुकडा उलटा केला.

फाटकाशी दत्तप्रसाद उभे होते. अकरा वर्षांची सरासरी होती ती. रोज बदलणारा सदरा धूसर, चेहराही पुसट. जे कधीच बदललं नव्हतं, तेवढंच लख्ख दिसत होतं: वर उचललेला उजवा हात.

"कुणाला हात करतायत?" मुबारकने विचारलं.

बाईंची गाडी रोज आठला निघायची. त्यांनी एकदाही गाडीच्या आरशातून मागे पाहिलं नव्हतं. गाडी कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाल्यावरही तो हात बराच वेळ वरच होता.

"पुन्हा लाव," त्या म्हणाल्या.

त्याने लावला. मग आणखी एकदा.

"पुढचे एक्केचाळीस लावू?"

"नको," बाई म्हणाल्या. "त्यात कॅमेरा त्यांना विसरत जातो."